बिनआवाजाचे फुटाणे

आईला तिची गल्ली परत हवी होती. मोर्शीतली, तिच्या लहानपणची. एका टोकाला पिठाची गिरणी, दुसऱ्या टोकाला विहीर. गल्ली अजून जागेवर आहे, पण तिथल्या पोरी लग्नं होऊन पांगल्या. कोणी अमरावतीला, कोणी परतवाड्याला, एक तर थेट सुरतेला. आई हिवरखेडला गेली. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे अकोल्याला आली आणि चार दिवसांत कंटाळली, कारण आमच्या अपार्टमेंटमध्ये कोणी दारात बसत नाही.

"मले माह्या मैत्रिणी एका जागी पायजे," ती म्हणाली.

फोनवर त्यांचा एक ग्रुप होता. त्यात सकाळी गुलाबाची फुलं यायची, दुपारी राजकारण आणि संध्याकाळी कोणाच्या तरी जावयाच्या प्लॉटची जाहिरात. शेवटी भांडण झालं आणि ग्रुप बंद पडला. शिवाय सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात म्हणून काही जणींच्या मुलांनी कटकट केली होती. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. माझं डोकं जरा तापट आहे आणि फोनचे ग्रुप हा विषय निघाला की ते लवकर तापतं.

पण खरं सांगायचं तर आईला सगळ्या मैत्रिणी नकोच होत्या. तिला एक हवी होती. शेजारच्या घरातली. मधे एकच भिंत, त्यामुळे भिंतीवरून भाजीची वाटी इकडून तिकडे जायची. तिचे वडील भाजीचा मळा करायचे आणि घर भाड्याचं होतं. तिचं लग्न झालं, पाठोपाठ ते कुटुंबही मोर्शी सोडून गेलं, आणि मग तिचा पत्ताच लागला नाही. आई बोलता बोलता मधेच थांबून म्हणायची, "कुठं असन वं थे?" आणि मला दर वेळी कळायचं, हे कोणाबद्दल चाललं आहे.

मोठ्या साइट्सवर मी तिला शोधून पाहिलं. काय शोधणार? लग्नात मुलीचं आडनाव जातं, हे झालंच. आमच्याकडे त्या काळी ताटात तांदूळ पसरून त्यावर नवरा बायकोचं नवं नाव लिहायचा आणि माहेरचं नावही जायचं. पोरगी अशी मुळापासून पुसून टाकायची आणि वर पेढे वाटायचे. आईला तिचं माहेरचं नाव माहीत होतं, आणि त्या नावाची बाई आता जगात कुठेच नव्हती. या गोष्टीचा मला फार राग येतो, अजूनही.

मी पोटासाठी लोकांचे सर्व्हर सांभाळते. म्हणजे काय करते, हे मी आईला कितीदा तरी समजावलं आहे आणि तिनं शेजारणींना दर वेळी वेगळंच सांगितलं आहे. तिचं ताजं वर्णन होतं, "कॉम्प्युटरची वॉचमन हाय." हे फारसं चूक नाही. मग एका दुपारी माझ्या मनात आलं की मी दिवसभर परक्यांच्या दारावर बसते, तर आईच्या गल्लीच्या दारावर बसायला काय हरकत आहे? असं सॉफ्टवेअर मिळतं. फुकट मिळतं. आपल्या सर्व्हरवर बसवायचं आणि आपलं छोटं फेसबुकसारखं काहीतरी चालू करायचं. त्यात जाहिरात नाही, जावई नाही, प्लॉट नाही.

अकोल्याचा मे महिना होता. कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास येत होता, आणि मी काळ्या स्क्रीनसमोर बसले होते. आई बाजूला परातीत तूरडाळ निवडत होती.

"कुठं हाय थो सर्व्हर?"

"मुंबईकडं कुठंतरी. भाड्यानं घेतला."

"मंग आपली गल्ली कशी झाली? भाड्याचीच झाली न."

"खोली भाड्याची, आई. कुलूप आपलं."

हे तिला पटलं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांबद्दल तिच्या मनात माया आहे, त्याचं कारण सांगायला नको.

लिनक्सवर असलं काही बसवायचं म्हणजे लग्नातल्या मानापानासारखं असतं. एक पॅकेज मागवावं तर ते म्हणतं, आधी त्याला बोलवा. तो म्हणतो, आधी माझ्या मामाला. डेटाबेस बसला, तर त्याला पासवर्ड पटेना. वेब सर्व्हर उठला, तर तो पोर्टवर दुसरंच कोणी बसलंय म्हणून रुसला. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह यावं म्हणून प्रमाणपत्र लागतं. ते मागितलं तर उत्तर आलं की या नावाचा पत्ताच अजून जगाला ठाऊक नाही. डोमेन नवं होतं, त्याची बातमी पसरायला वेळ लागतो. मी चिडून उठले, पाणी प्यायले, परत बसले. मधेच लाइट गेली, कूलर गप्प झाला.

"गेलं का समदं?" आई म्हणाली.

"नाई. थो तिकडं चालूच हाय."

"आपली लाइट गेली तरी?"

"तरी."

आईनं निवडायचं थांबवून स्क्रीनकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं.

सगळ्यात जास्त छळलं ते ईमेलनं. नव्या माणसाला खातं उघडताना एक मेल जातं, ते उघडून होकार द्यावा लागतो. आमचं मेल सगळीकडे कचऱ्याच्या खोक्यात जाऊन पडायचं. नव्या पत्त्यावरून आलेल्या पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही. मेल खरंच आमच्याकडूनच येतं हे जगाला पटवणाऱ्या नोंदी करता करता माझ्या नाकी नऊ आले. अखेर एकदा मेल सरळ येऊन पडलं, मी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि पान उघडलं. स्वच्छ, पांढरं, रिकामं पान. वर लिहिलेलं: इथं अजून काही नाही.

"कोनीच नाई," आई म्हणाली.

"आताच त उघडली, आई."

पुढची अडचण नावाची. या सॉफ्टवेअरमध्ये खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांत द्यावं लागतं आणि एकदा दिलं की बदलता येत नाही. मी आईला विचारलं, कोणतं नाव टाकू, माहेरचं की सासरचं? ती विचारात पडली. माहेरच्या नावानं तिला हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं आणि सासरच्या नावानं गल्लीत कोणी ओळखलं नसतं. शेवटी म्हणाली, "मधल्या घरची, असं लिव." तेच लिहिलं. पुढे बाकीच्यांनीही हीच रीत उचलली. गिरणीवाली, विहिरीपाशीची, कोपऱ्यावरची. माझ्या धंद्यात माणसं ओळखण्यावर पुस्तकं लिहिली जातात, पण इतकी सोपी पद्धत मी कुठे वाचली नव्हती.

आईनं पहिली पोस्ट लिहिली: "मी येऊन बसली हाय. या."

आता दाराचा प्रश्न. दार सताड उघडं ठेवलं तर जगभरचे भामटे घुसतात, हे माझं रोजचं दुखणं. म्हणून येणाऱ्यानं आधी अर्ज करायचा, आपण पाहायचं आणि मग आत घ्यायचं, असं मी लावून ठेवलं. अर्जात एक प्रश्न विचारता येतो. मी म्हटलं, गल्लीतल्या पोरींनाच उत्तर येईल असं काहीतरी सांग. आईनं दुसऱ्या दिवशी चहा गाळताना सांगितलं:

"मधल्या घरच्या भुलाबाईले डब्यात काय होतं, जे कोनालेच ओयखता नाई आलं, असं इचार."

भुलाबाई आमच्या वऱ्हाडातल्या पोरींची. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई मांडायची, संध्याकाळी घरोघर फिरून तिची गाणी म्हणायची आणि गाणी संपली की खाऊ. पण खाऊ सरळ मिळत नाही. घरातलं कोणी झाकण लावलेला डबा कानाशी हलवून दाखवतं आणि पोरींनी आवाजावरून ओळखायचं. ज्या घरचा खाऊ ओळखला जात नाही त्या घरच्या पोरीचा त्या दिवशी रुबाब असतो. प्रश्न मला फारच आवडला. कुठल्याही भामट्याला तो सुटणार नव्हता.

आषाढाच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीला एक लग्न होतं. आई हॉलमध्ये गिरणीवाल्या मावशीला घेऊन बसली आणि येईल त्या बाईच्या फोनमध्ये मला पत्ता टाकायला लावला. मी जेवायला उठले तर वाढप्यालासुद्धा सांगत होती, तुझी आजी मोर्शीची आहे का, विचारून पाहा. त्यानंतर अर्ज येऊ लागले. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं बहिणीला. डोहाळजेवणात, तेराव्याला, दवाखान्याच्या बाकावर आमचा पत्ता फिरला.

अर्ज आला की मी वाचायची. उत्तर एकच: फुटाणे. कोणी लिहायचं, "फुटाने, फडक्यात बांधलेले." कोणी लिहायचं, "फुटाणे!! आवाज कसा नाई आला थे अजून कळलं नाई." गिरणीवाल्या मावशीनं तर सांगितलं की तिनं नंतर स्वतःच्या घरी फडक्यात फुटाणे बांधून पाहिले होते, आणि ते वाजलेच. पोरींच्या जगात ती दंतकथाच होऊन बसली होती.

आई दर वेळी विचारायची, "तिनं काय लिवलं?"

"फुटाणे."

"बरं. घे तिले आत." आणि चेहरा थोडा उतरायचा. प्रत्येक वेळी उतरायचा. मला कळेना. गल्ली भरत चालली होती, रोज कोणी ना कोणी येऊन बसत होतं आणि ही बाई खूश का नाही? एकदा मी वैतागून विचारलंच, "आई, बरोबर उत्तर आलं तरी तू तोंड काहून पाडतं?"

ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"थे बरोबर उत्तर नाई," ती म्हणाली. "डब्यात बोरकूट होतं."

मग तिनं सगळं सांगितलं. शेजारच्या मैत्रिणीचं नाक फार तिखट. डबा हलवायची गरजच नाही, झाकणाजवळ नाक नेलं की बरोबर सांगायची. सगळ्या गल्लीचे डबे तिनं ओळखले होते. आईला वाटे, एकदा तरी आपल्या घरचा डबा तिच्याकडून चुकावा. म्हणून माझ्या आजीनं वाळलेल्या बोरांचं बोरकूट कुटलं, फडक्यात घट्ट दाबून बांधलं आणि डब्यात ठेवलं. आईनं डबा हलवला. आवाज नाही. पोरी शिरा म्हणाल्या, गूळ म्हणाल्या, लाडू म्हणाल्या. ती पुढे आली, वास घेतला आणि म्हणाली, बोरकूट.

"आन म्या म्हटलं, चूक."

"मंग?"

"मंग काय. आत पयाली, फुटाने काढले आन थेच होते म्हनून समद्यायले वाटले. तिलेबी देले. तिनं घेतले, खाल्ले. काहीच नाई बोलली."

"आन बोरकूट?"

"म्याच खाल्लं, लपून. कोरडंच. असा घसा धरला, पुढच्या घरी गानं म्हनता येईना. खोकतच बसली." आई हसली नाही. "सांगीन सांगीन म्हटलं, थे लगन होऊन गेली. राहूनच गेलं. म्हनून थो प्रश्न ठेवला. थे आली त बोरकूट लिहीन. दुसरं कोन लिहीन?"

म्हणजे आईनं दारावर असा प्रश्न लावला होता, ज्याचं चुकीचं उत्तर देणारीचीच ती वाट पाहत होती. आणि दारावर बसवलं होतं मला, जिनं चुकीचं उत्तर आल्याबरोबर अर्ज उडवून लावला असता.  तिच्याही मनात तेच आलं असावं, कारण तिनं हळूच विचारलं, "कोनाले वापस त नाई पाठवलं न तू?" मी लगेच नोंदी काढून पाहिल्या. परत पाठवलेले सगळे भामटे होते, एक जण तर गुंतवणूक दामदुप्पट करून देणारा. जिवात जीव आला. त्या दिवसापासून मी सकाळी उठल्याबरोबर आधी अर्ज पाहायची आणि बोरकूट शोधायची.

बोरकूट आलं नाही. श्रावण गेला, पोळा गेला. फुटाणेच येत राहिले.

मग भुलाबाईचे दिवस आले आणि गल्लीला ऊत आला. सुरुवात विहिरीपाशीच्या मावशीनं केली. तिनं फोनसमोर डबा हलवून व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "ओयखा." मग काय विचारता. रोज संध्याकाळी स्टीलचे, पितळेचे, प्लॅस्टिकचे डबे वाजू लागले. खाली उत्तरांची झुंबड. शेंगदाणे, मुरमुरे, करंजी, कोणीतरी रागानं लिहायचं, दगड. माझी मात्र तारांबळ. व्हिडिओ साठवायची जागा भरत आली, ते लहान करायचं काम सर्व्हरला झेपेना, तो धापा टाकू लागला. मी जागा वाढवली, जुना कचरा काढला, व्हिडिओ किती मोठा चालेल त्याची मर्यादा बसवली. बायांनी मर्यादेला न जुमानता एकाच डब्याचे तुकडे तुकडे करून टाकले. मी हात टेकले.

कोजागिरी जवळ आली होती तेव्हा एक व्हिडिओ आला. टाकणारी बाई गल्लीत पावसाळ्यापासून होती, पण तिनं कधी काही लिहिलं नव्हतं. चित्र शेवंतीच्या फुलाचं, नाव सासरचं असावं असं, गल्लीत कोणालाच ओळखीचं नसलेलं. आई म्हणाली होती, कोणाची तरी नणंद असेल, बसू दे बिचारीला. व्हिडिओत म्हातारे हात होते, हातात पितळी डबा. डबा हलत होता आणि आवाज येत नव्हता. खाली लिहिलं होतं, "ओयखा."

खाली एकीनं लिहिलं, रिकामा आहे. दुसरीनं लिहिलं, फोन बिघडला. मला वाटलं, व्हिडिओ लहान करताना सर्व्हरनं आवाज गिळला. हे अलीकडे एकदा झालं होतं. मी लॅपटॉप ओढला आणि नोंदी तपासायला बसले. सगळं ठीक दिसत होतं, आणि त्यानं मी आणखी चिडले.

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

लावला. आईनं फोन कानाशी नेला.

"आवाज हाय न," ती म्हणाली. "बांगड्या वाजून राहिल्या. डबाच वाजत नाई."

मी टाइप करायचं थांबले. आईनं पुन्हा एकदा ऐकलं. मग फोन मांडीवर घेऊन एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं: बोरकूट.

आम्ही दोघी त्या स्क्रीनकडे पाहत बसलो. खिडकीतून कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. उत्तर आलं.

"चूक."

आई एकदम हसली. इतकी मोठ्यानं की मी दचकले. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि पदर तोंडाला लावून ती म्हणत राहिली, "थेच हाय. थेच हाय वं बाई." मलाही रडू आलं. लपवायचं कारण नाही, चांगलं भरभरून आलं.

मग मला आठवलं आणि मी तिचा अर्ज काढून पाहिला. तिनं दारावर काय लिहिलं होतं? फुटाणे. बाकी सगळ्यांसारखंच.

"तिले त मालूम होतं," मी म्हटलं. "मंग बोरकूट काहून नाई लिवलं?"

आईनं डोळे पुसले. "माह्यं खोटं सांभाळलं तिनं," ती म्हणाली. "तवाबी सांभाळलं, आन आता दारातबी सांभाळलं."

 तिनं पुन्हा फोन उचलला आणि लिहू लागली. चूक नाई. तुह्यं तवाबी बरोबर होतं. फुटाने नोहते, बोरकूटच होतं. म्याच खोटं बोलली. लिहून झाल्यावर तिनं फोन मला दाखवला, शुद्धलेखन पाहायला नव्हे, नुसता दाखवला. पोस्टखाली गोल पृथ्वीचं चिन्ह होतं, म्हणजे ती सगळ्यांना दिसणार होती.

"आई, हे अख्ख्या गल्लीले दिसन," मी म्हटलं. "फक्त तिलेच पाठवता येते. इथं दाबलं की झालं."

"दिसू दे," आई म्हणाली. "समद्यायच्या समोर चूक म्हटलं होतं म्या." आणि तिनं स्वतःच्या बोटानं बटण दाबलं.

गल्लीत गलका झाला. गिरणीवाल्या मावशीनं लिहिलं, "म्हनजे मी उगाच फडकं फाडलं का वं?" कोणी हसण्याची चित्रं टाकली, कोणी विचारलं, ही कोण, ही कोण.  मी चहा करून आणला. आईनं कप हातात घेतला, पण प्यायली नाही. मग शेवंतीवालीचं उत्तर आलं.

"मले तवाच मालूम होतं. किती खोकत होती तू."

आईनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तिनं चहाचा घोट घेतला, तो हसण्यात अडकला आणि तिला असा ठसका लागला की मी पाणी आणायला धावले.